उजेड लागतो तेव्हा

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या वर्गात फळ्याच्या वर एक ट्यूबलाइट होती. ती बिघडलेली होती. स्टार्टर बदलला, चोक बदलला, तरी दोन-चार दिवसांनी पुन्हा फडफडायला लागायची. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. फळ्यावरचं उतरवून घेताना ती डावा तळहात डाव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरायची. मला वाटायचं, नखरे आहेत. एक दिवस मी रागावून विचारलं, तर म्हणाली, "टीचर, ये लाइट मेरे को मारती है." सगळा वर्ग हसला. मीही हसले असेन. मी तिला हात खाली घ्यायला लावला आणि धडा पुढे सुरू केला.

जानेवारीत गॅदरिंग होतं. मंडपवाल्याने स्टेजवर भाड्याचे लाइट लावले होते, त्यातला एक पांढरा दिवा सारखा चमकत होता. नाचाच्या रांगेत उभी असलेली ही मुलगी एकदम ताठ झाली, डोळे वर गेले आणि ती कोसळली. हातपाय झटकत होते. कुणी कांदा आणला, कुणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. दोन मिनिटांत ती शांत झाली, पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तेव्हा तिची दादी म्हणाली, "असर है." दंडावर तावीज बांधलेला होता. शेजारच्या बायका दादीच्या कानात एकच गोष्ट सांगत होत्या, बाहेर बोलू नका, मुलीची जात आहे.

दोन महिन्यांनी तिच्या मामूंनी तिला शहरात नेऊन मेंदूचा आलेख काढून आणला. त्या तपासणीत डोळ्यांसमोर एक दिवा वेगवेगळ्या वेगाने लुकलुकवतात. एका ठरावीक वेगाला तंत्रज्ञाने तो दिवा पटकन बंद केला. आलेखावर जे दिसायचं ते दिसलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येते. हे ऐकलं आणि मला ती ट्यूब आठवली. मुलगी मला कितीतरी दिवस तेच सांगत होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मला जाणून घ्यायचं होतं की माणसाला हे कधी आणि कसं कळलं. तो इतिहास आज मांडते आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. आपण फिट, आकडी, फेफरे, मिरगी म्हणतो, पुस्तकात अपस्मार लिहितो. अरबीत आणि जुन्या उर्दू तिब्बी पुस्तकांत याला 'सरअ' म्हणतात. या धातूचा अर्थ आहे जमिनीवर पाडणे. कुस्तीसाठीचा अरबी शब्दही याच धातूतून आला आहे. 'एपिलेप्सी' हा ग्रीक शब्द 'पकडणे' या अर्थाचा आहे. म्हणजे कुणीतरी येतं, माणसाला पकडतं आणि पाडतं. बघणाऱ्याला जसं दिसलं तसं नाव पडलं. पडणाऱ्याला आधी काय दिसत होतं, हे या नावांत कुठेच नाही.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं की या आजारात इतर आजारांपेक्षा अधिक 'दैवी' असं काही नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. इब्न सीनाने अकराव्या शतकात 'अल-कानून' लिहिला, तेव्हा 'सरअ'ची चर्चा डोक्याच्या विकारांमध्ये केली. थोडक्यात, हा मेंदूचा आजार आहे हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण डोळ्यातून आत जाणारी एखादी गोष्ट झटका आणू शकते, हे कळायला खूप वेळ लागला.

या बाबतीत एक जुना किस्सा नेहमी सांगितला जातो. दुसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेत अपुलियस नावाचा लेखक होता. त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तर तिच्या नातेवाइकांनी त्याच्यावर जादूटोण्याचा खटला भरला. आजच्या लिबियात असलेल्या सब्राथा शहरात इ.स. १५८-५९ च्या सुमारास तो चालला. एक आरोप असा होता की त्याने मंत्र टाकून एका गुलाम मुलाला खाली पाडलं. अपुलियसचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्या मुलाला अपस्मार आहे, तो मंत्राशिवायही पडतो, असं तो म्हणाला. अशा माणसाला पाडायचंच असेल तर जादू कशाला हवी? एक विशिष्ट काळा दगड जाळून त्याचा धूर दिला किंवा कुंभाराचं फिरतं चाक दाखवलं तरी पुरे.

आजच्या अनेक लेखांत हा उजेडाने येणाऱ्या फिटचा पहिला पुरावा म्हणून देतात. मला तो दावा पटत नाही. अपुलियस चाकाच्या गरगरण्याबद्दल, ते बघून येणाऱ्या घेरीबद्दल बोलतो आहे. उजेडाच्या लुकलुकण्याचा त्यात उल्लेख नाही. पण दोन गोष्टींनी मी थांबले. एक म्हणजे, पडलेल्या मुलाचा दोष जादूवर टाकणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांना कोर्टात उत्तर देणारा माणूसही होता. दुसरी गोष्ट त्या धुराची. आपला कांदा आणि चप्पल आठवली. वास आणि फिट यांची सांगड आपल्याच गावात सुरू झालेली नाही.

उजेड डोळ्यावर काहीतरी 'करतो', हा विचार मात्र आपल्याला बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमकडे घेऊन जातो. त्याच्या आधी अनेक विद्वानांचं मत होतं की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने 'किताब अल-मनाझिर' लिहिला आणि हे उलटं करून दाखवलं. त्याच्या पहिल्या पुराव्यांपैकी एक अगदी घरगुती आहे. प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो. म्हणजे उजेड बाहेरून आत येतो आणि डोळ्यावर परिणाम करतो. पाहणं डोळ्यात पूर्ण होत नाही, दोन्ही डोळ्यांकडून आलेलं रूप पुढे मेंदूत पोचतं, हेही त्याने लिहिलं. त्याचा विषय फिट नव्हता. पण "ये लाइट मेरे को मारती है" हे वाक्य त्याने हसण्यावारी नेलं नसतं, असं मला वाटतं.

मधली आठशे-नऊशे वर्षं ओलांडून आपण लंडनला येऊ. १८८० च्या दशकात विल्यम गॉवर्स या मेंदूविकारतज्ज्ञाने क्वचित दिसणाऱ्या काही रुग्णांची नोंद केली. त्यात एक मुलगी होती, तिला पहिला झटका प्रखर उन्हात गेल्यावर आला होता. गॉवर्सकडे मेंदूत डोकावण्याचं साधन नव्हतं. त्याने रुग्ण काय सांगतो ते ऐकलं आणि लिहून ठेवलं. पुढचं सगळं शास्त्र अशाच नोंदींवर उभं राहिलं.

साधन आलं ते जर्मनीतून. येना शहरात हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतली विजेची लहर नोंदवली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला साधारण दहा या लयीने लहरी येतात आणि डोळे उघडले की त्या विरतात. सुरुवातीला फार जणांचा विश्वास बसला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी ते खरं असल्याचं दाखवलं, आणि एक नवी गोष्ट सांगितली. समोर उजेड लुकलुकवला तर मेंदूची लय त्या उजेडाच्या तालावर चालायला लागते. हे तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच मेंदूत होतं.

त्यानंतर ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर आणि त्याचे सहकारी यांनी इलेक्ट्रॉनिक स्ट्रोबोस्कोप, म्हणजे हव्या त्या वेगाने चमकणारा दिवा, वापरून १९४६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक वेगाला काही लोकांच्या मेंदूत ताल नुसता लागत नव्हता, तो आवाक्याबाहेर जात होता. फिटच्या वेळी दिसतात तशा लहरी उमटत होत्या. वॉल्टरने एका सायकलस्वाराची हकीकत सांगितली आहे. संध्याकाळचं तिरपं ऊन आणि रस्त्याच्या कडेने झाडांची रांग. खोडांमधून ऊन-सावली ऊन-सावली अशी डोळ्यांवर पडायची आणि तो माणूस शुद्ध हरपण्याच्या बेतात यायचा. आपल्याकडे वडाच्या झाडांमधून जाणारे रस्ते आहेत, एसटीच्या खिडकीशी बसून आपण सगळ्यांनी ती ऊन-सावली अनुभवली आहे. आपल्याला फार तर डोळे किलकिले करावे लागतात.

मग त्या सायकलस्वाराच्या मेंदूत वेगळं काय होतं? मी तुम्हाला शिक्षिकेच्या भाषेत सांगते.

समजा, वर्गातली साठ मुलं आपापल्या वेगाने पाढे म्हणत आहेत. गलबला होतो, पण भिंती हादरत नाहीत. आता मी टेबलावर छडीने ताल धरला आणि सगळी एका तालात ओरडू लागली, तर आवाज वाढतच जातो. चांगल्या वर्गात तो एका मर्यादेला थांबतो, कारण मुलांना हळू म्हणायची सवय असते. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे नजरेचं काम चालतं, तिथल्या पेशींचंही असंच आहे. समोरच्या चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढत गेला की पेशींचं उत्तरही वाढतं, पण एका टप्प्यावर मेंदू स्वतःच लगाम खेचतो. इटालियन संशोधकांनी २००० साली दाखवलं की उजेडाने फिट येणाऱ्यांमध्ये हा लगाम नीट लागत नाही. फरक वाढवत नेला की उत्तर वाढतच राहतं. त्यांचे डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबरही वेगळा नसतो. एरवी त्यांना आपल्यासारखंच दिसतं. फक्त काही ठरावीक दृश्यांना त्यांचा मेंदू प्रमाणाबाहेर उत्तर देतो, आणि पुरेशा पेशी एका तालात आल्या की झटका सुरू होतो.

ती दृश्यं कोणती, हेही हळूहळू कळत गेलं. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणारा उजेड सर्वांत त्रासदायक असतो. गडद लाल रंग जास्त धोक्याचा. उजेड नसला तरी काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांनी काहींना त्रास होतो. यातली एक गंमत अशी की पट्टे एकाच दिशेने सावकाश सरकत राहिले तर त्रास फारसा होत नाही, तेच पट्टे जागच्या जागी थरथरले तर होतो. सरकत्या पट्ट्यांनी पेशी एकेक करून जाग्या होतात, थरथरत्या पट्ट्यांनी सगळ्या एकदम. पुन्हा तोच ताल.

ब्रिटनमधला अंदाज असा आहे की साधारण चार हजारांत एका माणसाला हा त्रास असतो. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी तीन ते पाच जणांचा तो या प्रकारचा असतो. मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळतो आणि बहुधा शाळेच्या वयात सुरू होतो. म्हणजे तो आई-वडिलांच्या खालोखाल शिक्षकांच्या नजरेस पडायला हवा.

नंतर टीव्ही आला. १९५० च्या दशकापासून टीव्ही बघताना फिट आल्याच्या नोंदी युरोपात वाढू लागल्या. बर्मिंगहॅमचे पीटर जेव्हन्स आणि ग्रॅहम हार्डिंग यांनी असे शेकडो रुग्ण तपासले आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र आडव्या रेषांनी बनायचं आणि एका आड एक रेषा रंगवली जायची. युरोपात चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवलं जाई, म्हणून प्रत्येक रेष २५ वेळा लुकलुकत असे. लांबून ते जाणवत नाही. पडद्याला नाक लावून बसलं की रेषा वेगळ्या दिसतात आणि ते २५ नेमकं धोक्याच्या वेगात येतं. अमेरिकेत टीव्ही ६० चा होता, तिथे हा त्रास कमी होता.

आपलं दूरदर्शनही ५० चंच होतं. आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी टीव्ही होता आणि आम्ही सगळी पोरं पडद्यापासून हातभर अंतरावर बसायचो. अम्मी ओरडायची, "दूर बैठो, आँखें ख़राब होंगी." डोळे काही खराब झाले नाहीत. पण हजारो पोरांमधल्या एखाद्यासाठी अम्मीचं ते ओरडणं खरंच उपयोगाचं होतं, कारण मात्र तिला वाटायचं त्याहून वेगळं होतं.

जेव्हन्स आणि हार्डिंग यांच्या कामातली एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. त्यांचा रुग्णांना सल्ला असा होता की समोर अचानक लुकलुकणारा उजेड आला तर एका डोळ्यावर तळहात घट्ट धरा आणि नजर वळवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून लाल उजेड आत जातोच. एक डोळा पूर्ण झाकला की मेंदूकडे जाणारा जोर कमी होतो आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलीने हा उपाय स्वतः शोधून काढला होता. मी तो तिला बंद करायला लावला.

१९९३ साली ब्रिटनमध्ये नूडल्सच्या एका जाहिरातीने काही जणांना झटके आले. त्यानंतर तिथल्या टीव्ही नियामकाने नियम केले, सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका दाखवायच्या नाहीत. बाकीच्या जगाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग १६ डिसेंबर १९९७ उजाडला. जपानमध्ये मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला 'पोकेमॉन' हे कार्टून लागायचं. त्या दिवशीच्या भागात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून-पालटून काही सेकंद चमकला. त्या रात्री ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. बातम्यांमध्ये तेच दृश्य पुन्हा दाखवलं गेलं आणि आणखी काहींना त्रास झाला.

पुढे वाद झाला. काही अभ्यासक म्हणाले, बहुतेक मुलांना नुसती घाबरून चक्कर आली, एकाचं बघून दुसऱ्याला झालं. हे काही प्रमाणात खरंही होतं, प्रत्येकाला फिट आलेली नव्हती. पण अनेकांना खरी फिट आली होती, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना आयुष्यात आधी कधीच आलेली नव्हती. त्यांच्या घरी कुणालाच कल्पना नव्हती. तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही, मालिका चार महिने बंद राहिली आणि जपाननेही चमकत्या दृश्यांसाठी नियम केले. पुढे हार्डिंगने कार्यक्रम आधीच तपासणारं यंत्र तयार केलं. आज वेबसाइटसाठीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही सेकंदाला तीन चमकांची मर्यादा आहे.

या इतिहासात मला सर्वांत मोठं वळण इथे दिसतं. मुलाला टीव्हीपासून तोडा, असं सांगून ते थांबले नाहीत. पडदा सुधारा, असं त्यांनी ठरवलं. त्याचा फायदा ज्यांना आपला त्रास अजून माहीतच नाही, अशा मुलांनाही झाला.

आपल्याकडे हे वळण कुठवर आलं आहे? कायद्यात थोडं आलं. १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार लग्नाच्या आड येत होता, वेडासोबत एकाच ओळीत त्याचं नाव होतं. १९९९ साली ते नाव काढून टाकण्यात आलं. घराघरातल्या कुजबुजीतून ते अजून गेलेलं नाही. दादीच्या कानात बायका बोलत होत्या ते याच भीतीने. मी दादीला दोष देत नाही. तिने तिला ठाऊक होता तो उपाय केला. माझ्याकडे तर बी.एड.ची पदवी होती, बालमानसशास्त्राचा पेपर होता, आणि तरी मी मुलीचा हात खाली घ्यायला लावला.

आता काही कामाच्या गोष्टी. गॅदरिंगला, लग्नाला, वरातीला सारखे चमकणारे दिवे लावू नका. कुणाला फिट आलीच, तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल नको. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. आणि मेंदूचा आलेख काढायला कमीपणा मानू नका. योग्य औषधाने बहुतेकांची फिट आटोक्यात राहते, काहींचा त्रास तर वय वाढेल तसा निघूनही जातो.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. औषध सुरू आहे आणि बऱ्याच दिवसांत तिला फिट आलेली नाही. मागच्या ईदला घरी आली होती. मी तिची माफी मागितली, तर तिला ती ट्यूब नीट आठवतही नव्हती. "टीचर, छोड़ो ना," म्हणाली. मला मात्र आठवते. आता वर्गात कुणी डोळ्यावर हात धरला, कुणी जागा बदलून मागितली, तर मी आधी दिवा बघते.